अण्णांच्या झडपेचा तुलनात्मक तक्ता

"अनुक्रमांक चार," अण्णा म्हणाले. "हे काय आहे?"

"नर्स."

"ते वाचता येतंय मला. चोवीस तासांची नर्स, तीन महिने, एक लाख पस्तीस हजार. चोवीस तास ती करणार काय?"

"तुमच्याकडे बघणार."

"चोवीस तास माझ्याकडे तुझी आईसुद्धा कधी बघत बसली नाही." त्यांनी लाल बॉलपेनने 'तीन महिने' खोडलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'एक महिना, फक्त दिवसपाळी, तीस हजार मान्य.'

रविवारची सकाळ होती. सांगलीच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाशी अण्णा बसले होते, समोर मी. माझा धाकटा भाऊ उमेश खिडकीच्या कट्ट्यावर टेकून उभा होता. अण्णांच्या हातात मी तयार केलेला कागद होता आणि त्या कागदावर त्यांचा जीव टांगलेला होता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, पण तसं दाखवत मात्र कुणीच नव्हतं.

माझे वडील, केशव तासगावकर, चौतीस वर्षं सरकारी लेखापरीक्षक होते. गावोगावची दफ्तरं उघडायची, पावत्या मोजायच्या आणि जिथे पैसा वाकडा गेला असेल तिथे आक्षेप लिहायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. किराणावाल्याची यादी आली की ते बेरीज पुन्हा करत आणि तो बिचारा हात बांधून उभा राही.

मी त्यांची मुलगी शोभावी अशाच नोकरीत होते. एका सरकारी कार्यालयात, भांडार शाखेत. खुर्च्या, कपाटं, झेरॉक्सचे कागद, काहीही विकत घ्यायचं तर तीन दुकानांचे दर मागवायचे, ते एका तक्त्यात मांडायचे, सगळ्यांत कमी दराभोवती गोल करायचा आणि फाइल वर पाठवायची. याला तुलनात्मक तक्ता म्हणतात. असे तक्ते मी हजारभर तरी केले असतील. लग्न केलं नव्हतं, अण्णांबरोबरच राहत होते, आणि घरातसुद्धा आमचं बोलणं बऱ्याचदा फाइलीतल्यासारखंच चालायचं.

ही गोष्ट २०१६ सालची. अण्णा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. आदल्याच आठवड्यात वाचनालयाच्या जिन्यात त्यांना घेरी आली आणि ते पाचव्या पायरीवर बसले ते बसलेच. तपासण्या झाल्या. हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी जी झडप असते ती जाड होऊन आखडली होती. गुरुवारी आम्ही त्यांना पुण्याला डॉक्टर नाडगौडांकडे नेलं.

बाई चाळिशीच्या, बोलायला स्वच्छ. म्हणाल्या, "काका, झडप बदलावी लागेल. नाही बदलली तर वर्ष-दोन वर्षं, तीही अशीच धापा टाकत. बदलायच्या दोन वाटा आहेत. छाती उघडून जुनी झडप काढायची आणि नवी शिवायची. नाहीतर जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर न्यायची आणि नवी झडप जुनीच्या आतच बसवायची."

"नळीतून झडप जाते?"

"मिटलेल्या छत्रीसारखी जाते आणि तिथे पोचल्यावर उघडते. चार-पाच दिवसांत तुम्ही घरी."

"म्हणजे काम कमी. मग पैसेही कमी असतील."

डॉक्टर हसल्या. "उलट आहे. ऑपरेशन साडेचार लाखांच्या आसपास. नळीचं अठराच्या पुढे. झडपच परदेशातून येते, बहुतेक पैसे तिचेच."

"काम कमी आणि पैसे चौपट," अण्णा म्हणाले. असा व्यवहार त्यांनी उभ्या आयुष्यात मंजूर केला नव्हता.

"तुमचा सल्ला काय?" मी विचारलं.

"वय आहे, त्यात जुना दमा. छाती उघडायची म्हटलं तर धोका जास्त, आणि उठून बसायला तीन महिने. ऑपरेशन होणारच नाही असं नाही म्हणणार मी. पण माझ्या वडिलांचं असतं तर मी नळी निवडली असती. सोमवारपर्यंत कळवा. फार थांबू नका."

अण्णांनी दोन्हींचा अंदाजित खर्च लेखी मागून घेतला, शिक्क्यासकट. परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत ते डोळे मिटून होते. मग म्हणाले, "शैला, तू तक्ता कर. रविवारी बघू."

आणि मी तक्ता केला. इथे मला एक गुन्हा कबूल करायचा आहे. आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं की तक्त्यात काय काय धरायचं हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात निकाल. नोकरीत मी असं कधी केलं नाही, देवाशप्पथ सांगते. वडिलांसाठी मात्र केलं. ऑपरेशनच्या रकान्यात मी जे सापडेल ते कोंबलं. नर्स, फिजिओथेरपी, भाड्याची कॉट, पुण्याच्या खेपा, माझी बिनपगारी रजा, उमेशच्या वर्कशॉपचं नुकसान, आणि शेवटी 'इतर अनपेक्षित' म्हणून एक लाख. साडेचारचे बारा लाख एकोणसत्तर हजार झाले. नळीच्या रकान्यात मी हात आखडता घेतला. फरक सहा लाखांच्या आत आला तेव्हा मला वाटलं, आता म्हातारा ऐकेल. चोरीचा माल घेऊन मी जमादाराच्याच दारात जाऊन उभी राहत होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

"अनुक्रमांक पाच," अण्णा म्हणाले. "अतिदक्षता विभाग, जादा पाच दिवस, सव्वा लाख. हॉस्पिटलच्या कागदावर अतिदक्षता आत धरलेली आहे. दुबार आकारणी."

"जादा दिवस लागू शकतात."

"लागू शकतात याला बिल नसतं. अमान्य." पेन खाली सरकलं. "अनुक्रमांक सात. बिनपगारी रजा, दीड लाख. तुझ्या सेवापुस्तकात अर्जित रजा किती शिल्लक आहे?"

मी टेबल पुसायला फडकं घेतलं.

"दोनशे सदुसष्ट दिवस. गेल्या दिवाळीत तूच सांगितलंस. मग बिनपगारी कशासाठी?"

"अण्णा, माझं तरी राहू द्या की," उमेश मध्ये पडला. त्याचं कुपवाडला लेथ मशिनचं वर्कशॉप आहे. "मी तुमच्याजवळ थांबणार म्हणजे वर्कशॉपकडं दुर्लक्ष होणार. दोन लाख तिनं कमीच धरलंय."

"गेल्या मे महिन्यात तू दहा दिवस गोव्याला गेला होतास," अण्णा म्हणाले, "तेव्हा तुझ्या कामगारांनी दोन ऑर्डरी वेळेआधी पूर्ण केल्या. तू नसलास की तिथे बरं चालतं. अमान्य."

इतर वेळी आम्ही तिघं हसलो असतो. अण्णांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि पेसमेकर? नळीच्या पद्धतीत कधी कधी पेसमेकर लागतो असं बाईंनी आपल्या समोर सांगितलं. 'लागू शकतं' म्हणून तू इकडे लाख धरलेस आणि तिकडे गाळलंस. एक माप देवाला आणि एक गावाला?"

त्यांनी नव्याने बेरीज केली. बोलता बोलता त्यांना धाप लागत होती, पण आकडा एकही चुकला नाही. ऑपरेशन, पाच लाख चाळीस हजार. नळी, एकोणीस लाख पंचाहत्तर हजार. खाली रेघ ओढून त्यांनी लिहिलं, 'फरक रुपये चौदा लाख पस्तीस हजार. न्यूनतम दर ऑपरेशनचा. शिफारस मान्य.' आणि सही ठोकली, तारखेसह.

"ट्यूबलाइट नाही घेत आहोत आपण," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "शंभर रुपयांची घ्यायची की दीडशेची, असं नाही आहे हे. डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंत ना तुम्ही? धोका जास्त आहे."

"धोक्याचा रकाना तू केलेला नाहीस."

"कारण त्याला आकडा नाही."

"मग तो तक्त्यात येत नाही."

उमेश कट्ट्यावरून उतरला. "अण्णा, पैसे नसते तर गोष्ट वेगळी. तुमचे बावीस लाख बँकेत नुसते पडून हायत. कमी पडलं तर मी हाय. कुणासाठी राखून ठेवलंय एवढं?"

"शैलासाठी. मी गेल्यावर हिला पेन्शन असेल, पण घरात माणूस नसेल. पैसा लागेल."

"मला नकोत ते पैसे," मी म्हटलं.

"आज नकोत. सत्तरीत मागशील."

उमेशने चपला पायात सरकवल्या. "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," एवढं म्हणून तो गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. अण्णांनी तक्त्याची नीट चौपदरी घडी घातली आणि ते आत जाऊन आडवे झाले. मी टेबलाशी बसून राहिले. रागापेक्षा भीती जास्त होती. उद्या सकाळी हा माणूस फोन उचलणार, छाती उघडायला होकार देणार आणि मी काही करू शकणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

चारच्या सुमाराला मी चहा घेऊन आत गेले. ते पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते. आडवं झालं की त्यांना गुदमरायला व्हायचं.

"अण्णा," मी म्हटलं, "आक्षेप लिहिताना कारण द्यावं लागतं. तुम्हीच शिकवलंत. माझ्यासाठी पैसे ठेवायचे आहेत हे कारण मला पटलेलं नाही. खरं कारण द्या."

त्यांनी कप हातात घेतला, पण चहा प्यायले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळीही दोन दर होते."

मला काही कळेना. आई जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. तिचीही हृदयाची झडपच होती, पण दुसरी, लहानपणच्या तापाने खराब झालेली.

"मुंबईला नेऊन झडप बदलायची, एक लाख ऐंशी हजार," अण्णा म्हणाले. "मिरजेला फुगा घालून जुनीच रुंद करायची, बावन्न हजार. घराचे हप्ते चालू होते, उमेशचा डिप्लोमा होता. मी रात्रंदिवस आकडे मांडत नाही बसलो. एका कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि खालची घेतली. दोन वर्षं चार महिने मिळाले तिला."

"डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की फुगाही योग्यच आहे."

"म्हणाले होते. मुंबईला नेलं असतं तरी काही सांगता आलं नसतं, असंही म्हणाले. ते सगळं मला पाठ आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "पण तिला बावन्न हजारांची, आणि मला एकोणीस लाखांची? हे कुठल्या नियमात बसतं, शैला? मी उद्या बरा होऊन घरी आलो, तिच्या फोटोसमोर उभा राहिलो, तर काय सांगू तिला?"

इतकी वर्षं मी या माणसाच्या हातचा चहा प्यायले, त्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या, आणि हे ओझं मला दिसलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली आणि त्याच क्षणी फार रागही आला. मेलेल्या माणसाशी बरोबरी करायची ठरवली की जिवंत माणसाचे सगळे मुद्दे तोकडे पडतात.

आणि मग मी बोलून गेले. "आईला मुंबईला जायचंच नव्हतं."

अण्णांनी मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"तिनेच. मला."

"कधी?"

"तुम्ही मिरजेला पैसे भरलेत ना, त्याच्या आदल्या दिवशी. स्वयंपाकघरात. भाकरी थापत होती. म्हणाली, 'यांना काय हिशोब करायचा तो करू दे, मला आपली मिरजच बरी. मुंबईत काही झालं तर एवढ्या लांबून मला आणायचं म्हणजे तुमचे हाल.' आणि म्हणाली, यांना सांगू नकोस. हाताला पीठ होतं म्हणून मनगटाने डोळे पुसले तिने. तेवढ्यात दाराशी गवळी आला, म्हणून मी पातेलं घेऊन गेले. पुढे बोलणं राहिलंच."

मी हे सांगत असताना अण्णा माझ्याकडे बघत होते. चौतीस वर्षं ज्या नजरेने त्यांनी ग्रामसेवकांना घाम फोडला तीच नजर. मी डोळे वळवले नाहीत. वळवले असते तर सगळं संपलं असतं.

"चहा गार झाला," ते म्हणाले. "दुसरा कर."

सोमवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी स्वतः डॉक्टर नाडगौडांना फोन लावला. मी दाराआड उभी होते. "नळीचं करायचं ठरलंय," ते म्हणाले. "आणि बाई, झडपेची पावती वेगळी लागेल मला." मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले.

पुढच्या बुधवारी झडप बसली. दीड-दोन तास लागले असतील. बाहेर उमेश आणि मी बसलो होतो. डॉक्टर बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क काढून म्हणाल्या, "छान बसली," आणि उमेश पटकन त्यांच्या पाया पडायला वाकला. पेसमेकर लागला नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णांना हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला सांगितल्या. एक हात माझ्या खांद्यावर ठेवून ते चालत होते. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग होता. पॅसेजच्या टोकाशी खिडकी होती, तिथे ते थांबले. धाप लागलेली नव्हती, तरी थांबले.

"शैला, तुझ्या एका नोंदीला पुरावा नाही," ते म्हणाले.

"कुठल्या?"

"आई स्वयंपाकघरात बोलली, त्या. मिरजेला पैसे भरले ती तारीख अकरा सप्टेंबर. तू आठ ते तेरा पुण्यात होतीस, विभागीय परीक्षेला. तुझं प्रवासभत्त्याचं बिल मीच लिहून दिलं होतं."

परीक्षा मी साफ विसरले होते.

"आणि खोट्या बिलात तपशील नेहमी जास्त असतो," ते सांगत होते, अगदी शांतपणे. "खरं बिल दोन ओळींचं असतं. तू तर गवळ्यालाही बोलावलंस."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"बोलत होतीस तेव्हाच."

"मग आक्षेप का नाही घेतलात?"

त्यांनी दुसरा हात खिडकीच्या गजावर ठेवला. खाली कुणीतरी एका म्हाताऱ्या बाईंना रिक्षातून उतरवत होतं.

"तक्त्यात लबाडी केलीस, ते मी पकडणार हे तुलाही ठाऊक होतं. त्याचं काही वाटलं नाही. पण आईच्या नावावर तू लहानपणीसुद्धा कधी खोटं बोलली नाहीस. मी मनात म्हटलं, मला इथे ठेवून घ्यायला ही पोर तेही करायला निघाली. कुणाला आपण इतके पाहिजे असलो, तर नको कसं म्हणायचं?"

मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिलं. माझ्या खांद्यावरचा हात मात्र काढला नाही.

"आता खरं सांग," थोड्या वेळाने ते म्हणाले. "तिला मुंबईला जायचं होतं का?"

"मला माहीत नाही, अण्णा. खरंच माहीत नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले. "मी तिला विचारलंच नव्हतं. सही केली, घरी आलो आणि तारीख सांगितली. ती 'बरं' म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. पैसे कमी होते, त्याचं एवढं नाही ग. विचारायला तर काही लागत नव्हतं."

मग त्यांनी वळून पुन्हा चालायला सुरुवात केली. त्या दिवशी त्यांनी नर्सने सांगितलेल्या दोन फेऱ्यांऐवजी तीन मारल्या.

अण्णा त्यानंतर सात वर्षं होते. पण मला आठवते ती त्याच वर्षीची दिवाळीआधीची सकाळ. घराला रंग द्यायचा होता. रंगाऱ्याने दोन दर लिहून दिले होते, एक साध्या रंगाचा, एक भारी. मी सवयीने दोन्ही कागद अण्णांसमोर ठेवले आणि आकड्यांवर बोट ठेवून बोलायला लागले. त्यांनी दोन्ही कागद पालथे केले.

"तुझ्या खोलीला तुला कुठला रंग पाहिजे?"

चव्वेचाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्या घरात इतकी वर्षं राहत होते आणि मला उत्तर सुचेना. निळा म्हणावा की पिवळा, की आहे तोच असू दे म्हणावं.

"उद्या सांगितलं तर चालेल?" मी विचारलं.

"चालेल की," अण्णा म्हणाले. "घाई कसली आहे? मी आहे."